उन्हाळ्यात लॅपटॉप तापून आपोआप बंद पडतोय, काय करावं?

निंबोणी | १९ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम नागपूर, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. लेक आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सबमिशन. लॅपटॉप चार वर्षांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. थंडीत रात्रभर रेंडर (मॉडेलवरून इमारतीचं खरं वाटेल असं चित्र बनवायचं काम) लावून झोपायची, कधी काही झालं नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र दुपारचे दोन वाजले की पंखा मिक्सरसारखा आवाज करायला लागतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेववत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी. सूचना नाही, काही नाही, सरळ बंद. काल तीन तासांचं रेंडर जवळजवळ पूर्ण होत आलेलं असताना गेलं आणि पोरगी रडायला लागली.

दुकानात दाखवला. त्यांनी न उघडताच "मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार" सांगितलं. मला ते पटत नाहीये, पण यातलं फार कळतही नाही. घरी एसी नाही, कूलर आहे. कूलिंग पॅड घेऊ का? आणखी काय करता येईल?

---

चिंचबन | १९ एप्रिल, रात्री ९:५२

लेक लॅपटॉप कुठे ठेवून काम करते? टेबलावर की गादीवर?

---

निंबोणी | १९ एप्रिल, रात्री १०:०५

गादीवरच. कूलरची हवा तिथेच येते म्हणून.

---

राजेहो | १९ एप्रिल, रात्री १०:११

काय राजेहो, आमच्या अकोल्यात तं दुपारी माणूसच बंद पडते, लॅपटॉपचं काय घेऊन बसले!

मस्करी सोडा ताई, पण गादीवरून आधी उचला बाप्पा. खालच्या जाळीतून तो हवा ओढते, अन् गादीनं त्याचं नाक-तोंड दाबून धरलं आहे. घरात जेवायचा लाकडी पाट असंन ना? तो गादीवर ठेवा, त्याच्यावर लॅपटॉप, अन् मागच्या दोन पायांखाली बाटलीची एकेक झाकणं. खर्च शून्य. माहा पोरगा दोन उन्हाळ्यांपासून असाच चालवून राह्यला.

---

तांब्याची नळी | १९ एप्रिल, रात्री ११:२०

मी बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निंबोणीताई, चौदा हजार देऊ नका. निदान आज तरी नाही. आधी एक साधी परीक्षा करा. उद्या पहाटे पाचला, खोली सगळ्यात गार असताना, लॅपटॉप पाटावर ठेवून तेच रेंडर लावा. शेवटपर्यंत गेलं तर मदरबोर्ड शाबूत आहे. बोर्डात बिघाड असता तर त्याने घड्याळ पाहिलं नसतं.

आता नेमकं काय होतंय ते. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. ती भरीव नसते. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती पंख्याकडच्या टोकाला जाऊन थंड होते आणि पाणी आतल्या जाळीतून झिरपत परत येतं. पंख्याच्या तोंडाशी बारीक पात्यांची जाळी असते. तिच्यातून हवा गेली की उष्णता बाहेर.

यात मेख अशी की पंखा कितीही फिरला तरी कुठलाही भाग खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानाच्या जवळ नेऊ शकतो. समजा पूर्ण ताकदीवर प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरात खोली २२, प्रोसेसर ७७, मजेत. एप्रिलात स्लॅबखालची खोली ४०, म्हणजे प्रोसेसर ९५. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो. तरी उष्णता बाहेर पडली नाही, तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. म्हणजे बंद पडणं हा त्याचा बचाव आहे. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं मॅन्युअलमध्ये छापतात. आपल्याकडे दुपारी ती अट घरात बसूनच मोडते.

प्रोसेसरचं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि खोलीचं व प्रोसेसरचं तापमान दोन्ही लिहून ठेवा. दोन्हींतला फरक महत्त्वाचा. आकडे इथे द्या, मग पुढचं सांगतो.

---

मोगरा७ | २० एप्रिल, सकाळी ७:३०

तांब्याची नळी, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

सह्याद्रीपुत्र | २० एप्रिल, सकाळी ८:१५

कूलिंग पॅडचं कुणीच बोललं नाही. मी घेतलं होतं, बाराशेचं. निळे दिवे छान लागतात, तापमान दोन अंशांनी उतरलं. पैसे वाया, असं माझं मत.

---

चिंचबन | २० एप्रिल, सकाळी ८:४०

सह्याद्रीपुत्र, असहमत. लॅपटॉपवर अवलंबून आहे. माझ्या मशीनची जाळी बरोबर मधोमध आहे, पॅडचा पंखाही मधोमध, मला सहा-सात अंश फरक पडला. तुमची जाळी मागच्या कडेला असेल आणि पॅडचे पंखे नुसत्या प्लास्टिकवर हवा मारत असतील, तर दोनच अंश मिळणार. घेण्याआधी लॅपटॉप उलटा करून जाळी कुठे आहे ते बघायचं आणि पॅड त्यानुसार निवडायचं.

---

सह्याद्रीपुत्र | २० एप्रिल, सकाळी ९:०२

आत्ताच उलटा करून पाहिला. जाळी मागच्या कडेलाच आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

---

सरकी | २० एप्रिल, सकाळी १०:२५

मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. हंगामात हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, केसांवर बसतात, चहात पडतात, मग लॅपटॉपला कसे सोडतील? पहिल्या वर्षी मशीन जानेवारीतच तापायला लागलं. जानेवारीत! उघडलं तर पंखा स्वच्छ. मीही फसलो, म्हटलं धूळ नाहीच. मग पंख्याचं वरचं झाकण काढलं आणि दिसलं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये, बरोबर त्या फटीत, करड्या रंगाची एक पट्टी बसली होती. बोटभर लांब, घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट. चिमट्याने एका टोकाला धरून ओढली तर अख्खी एकसंध बाहेर आली. हवेला जायला वाटच नव्हती, पंखा बिचारा भिंतीवर फुंकर मारत होता.

तेव्हापासून हंगामात दर महिन्याला उघडतो. ताई, गादीवर काम म्हणजे चादरीचे, उशीचे तंतू. चार वर्षांत एकदाही साफ केला नसेल तर आत ही पट्टी असणारच.

---

कुलाबकर | २० एप्रिल, सकाळी ११:००

उघडायचं कशाला? मागून व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, दोन मिनिटांत काम.

---

तांब्याची नळी | २० एप्रिल, सकाळी ११:३५

कुलाबकर, कृपया तसं करू नका. व्हॅक्यूमच्या नळीच्या टोकाला स्थिर वीज तयार होते, तिचा झटका बोर्डाला बसू शकतो. दुसरं, ओढलेल्या हवेने पंखा त्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेचंही तेच, वर तिच्यात पाण्याचा अंश असतो. शिवाय सरकी यांनी सांगितलेली पट्टी फुंकून जातच नाही. हात घालूनच काढावी लागते.

---

निंबोणी | २० एप्रिल, दुपारी ४:४५

आकडे आणलेत! सकाळी पाचला खोली २९, लॅपटॉप पाटावर. रेंडर सुरू केल्यावर प्रोसेसर ८८ ते ९० वर स्थिर राहिला. तीन तास दहा मिनिटांत रेंडर पूर्ण! लेकीने मला घट्ट मिठी मारली.

मग मुद्दाम दुपारी अडीचला पुन्हा लावलं, तेही पाटावर. खोली ३९. चार मिनिटांत १००. वेग ३.८ वरून १.४ गिगाहर्ट्झवर आला आणि सतराव्या मिनिटाला बंद.

---

तांब्याची नळी | २० एप्रिल, संध्याकाळी ५:१०

ताई, मदरबोर्ड उत्तम आहे. फरक ६० अंशांचा आहे आणि तो जास्त आहे. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट झाली की तो बराच खाली यायला हवा. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमध्ये जो राखाडी लेप असतो तो तीन-चार वर्षांत सुकतो, कडेला सरकतो. मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही.

तोवर आजच्या आज एक करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यामुळे टर्बो बूस्ट (गरजेला वेग आपोआप वाढवायची सोय) बंद होतो आणि तापमान झपकन उतरतं. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तसं असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'शांत' किंवा 'बॅलन्स्ड' मोड निवडा.

---

ठाणेदार_नाही | २० एप्रिल, संध्याकाळी ६:००

पण मग रेंडर हळू होणार ना?

---

तांब्याची नळी | २० एप्रिल, संध्याकाळी ६:१२

आता तरी कुठे जोरात होतंय? १.४ वर रखडतंय आणि मग बंद. त्यापेक्षा २.५ वर सलग चाललेलं लवकर संपतं.

---

पिंपळपान | २० एप्रिल, संध्याकाळी ७:२०

पूर्वी व्होल्टेज कमी करून, म्हणजे अंडरव्होल्ट करून वेग तोच ठेवून तापमान उतरवता यायचं. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमध्ये ती सोय बंद झाली. तुमच्या मशीनमध्ये चालू असेल तर बघा, नाहीतर ९९ टक्केवाला उपायच बरा. लिनक्सवाल्यांसाठी 'सेन्सर्स' ही कमांड तापमान दाखवते आणि टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बसवलं की टर्बो बंद करता येतो.

---

वाळा | २० एप्रिल, रात्री ८:३०

कूलरबद्दल थोडं. मी चंद्रपूरची. आमच्याकडे नवतपा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. कूलर चालू असताना लॅपटॉपजवळ ओलसर हवा नको म्हणून माझे यजमान तो बंद करायला सांगायचे. खरंच ओल लागून बिघडतो का?

---

चिंचबन | २० एप्रिल, रात्री ८:५५

वाळाताई, विदर्भातल्या एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की कूलरची ओल लॅपटॉपला बाधत नाही. उलट खोली सात-आठ अंशांनी उतरली तर लॅपटॉपचा प्रत्येक भाग तितकाच उतरतो, तेवढं कुठलंही पॅड करणार नाही. खिडकी उघडी हवी, नाहीतर हवा कोंदते आणि कूलर निरुपयोगी होतो. एकच काळजी घ्या, कूलरच्या तोंडासमोर अगदी जवळ बसू नका. ताट्या नव्या असताना बारीक तुषार उडतात. बोअरचं पाणी असेल तर ते सुकून क्षाराचे पांढरे ठिपके उरतात, ते बोर्डावर नकोत. सहा-सात फूट अंतर ठेवा.

---

राजेहो | २० एप्रिल, रात्री ९:१०

वाळ्याच्या ताटीचा तो पहिल्या दिवसाचा वास! आजी दुपारी खिडकीला ताटी लावून तांब्यानं पाणी मारे, अन् आम्ही सारे पोट्टे त्याच्या समोर लोळत राहो. अवांतर झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

रत्नदुर्ग | २० एप्रिल, रात्री ९:४५

आमच्या रत्नागिरीत उलटं. ३३ अंशच असतात, पण हवा खारट आणि दमट. इथे लॅपटॉप तापून जात नाही, गंजून जातो. तळाचे स्क्रू दोन पावसाळ्यांत लाल होतात. पंख्याची बेअरिंगं आधी कुरकुरतात. तसा आवाज आला की पंखाच बदलायचा, तेल घालून फार दिवस जात नाहीत.

---

भिषक् | २० एप्रिल, रात्री १०:३०

मशीनबद्दल खूप झालं, आता माणसाबद्दल. तापलेला लॅपटॉप मांडीवर ठेवू नका. माझ्याकडे एक मुलगा आला होता, डाव्या मांडीवर तपकिरी जाळीसारखी नक्षी. आई घाबरलेली, तिला वाटलं त्वचारोग. रोज चार-पाच तास मांडीवर लॅपटॉप, आणि त्याची गरम हवा डावीकडून निघणारी. याला एरिथेमा अब इग्ने म्हणतात. पूर्वी चुलीपुढे सतत बसणाऱ्या बायकांच्या नडगीवर दिसायचं, काश्मिरात कांगडी जवळ धरणाऱ्यांच्या पोटावर दिसतं. भाजण्याइतकी उष्णता लागत नाही, सोसवेल इतकीच पण रोज मिळाली तरी पुरते. लवकर थांबवलं तर डाग हळूहळू फिके होतात, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर पुढे त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो.

पुरुषांनी आणखी एक लक्षात घ्यावं. २००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या तरुणांच्या वृषणकोषाचं तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेलं दिसलं होतं. टेबल वापरा.

---

मोगरा७ | २० एप्रिल, रात्री १०:४१

डॉक्टर, नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. उठून टेबलावर गेला.

---

मस्कतवासी | २० एप्रिल, रात्री ११:५०

आमच्याकडे घरात एसी, त्यामुळे वापरताना त्रास नाही. पण गाडीत लॅपटॉप ठेवून कधी जाऊ नका. काचा बंद असलेली गाडी उन्हात साठ अंशांच्या वर सहज जाते. मी एकदा बँकेत गेलो, तासाभराने आलो, बॅटरी महिन्याभरात फुगली. टचपॅड वर आला म्हणून कळलं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही, सरळ काढून ई-कचऱ्यात द्यायची.

---

तांब्याची नळी | २१ एप्रिल, सकाळी ७:००

मस्कतवासी, फार महत्त्वाचं लिहिलंत. लिथियम बॅटरी उष्णतेने म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली असताना गरम राहिली तर आणखी लवकर. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करून ठेवावी. उन्हाळ्यात तरी नक्कीच.

---

दादरपश्चिम | २१ एप्रिल, सकाळी ९:१५

माझा प्रश्न वेगळा. मी झाकण मिटून बॅगेत ठेवतो, रात्रीच्या गाडीने पुण्याला येतो आणि बॅग उघडली की लॅपटॉप भाकरीसारखा गरम. बंद असताना कसा तापतो?

---

पिंपळपान | २१ एप्रिल, सकाळी ९:४०

तो बंद नसतो. नव्या लॅपटॉपमध्ये झोपेचा जो प्रकार आहे, मॉडर्न स्टँडबाय, त्यात मशीन फोनसारखं अर्धवट जागं राहतं आणि मध्येच अपडेट उतरवायला उठतं. बॅगेत हवा नाही, मग तापणारच. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /ए' लिहा, तुमच्या मशीनमध्ये झोपेचे कोणते प्रकार आहेत ते दिसेल. झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (चालू काम जपून मशीन पूर्ण बंद) होईल असं सेटिंग करा, किंवा प्रवासाआधी शटडाउन. बॅगेत ठेवण्यापूर्वी दिवा विझलाय का ते बघायचं.

---

कुलाबकर | २१ एप्रिल, सकाळी १०:२०

माझा एक मित्र पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो. चालतं का?

---

रत्नदुर्ग | २१ एप्रिल, सकाळी १०:२८

बाहेर काढल्यावर थंडगार लोट्यावर जसं पाणी साचतं तसंच आत बोर्डावर साचतं. मित्राला आजच फोन करा. बर्फाच्या पिशव्यांचंही तेच.

---

ओटा_कडप्पा | २१ एप्रिल, सकाळी ११:०५

माझ्या लॅपटॉपला पंखाच नाही (२०२० चा एम१ वाला मॅकबुक एअर). व्हिडिओ निर्यात करताना तापून हळू होतो. एकदा सहज स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला आणि तेच काम लवकर झालं. दगड उष्णता शोषत असावा. आता मोठं काम असलं की ओट्यावर. सासूबाई म्हणतात, पोळ्या कुठे लाटू?

---

तांब्याची नळी | २१ एप्रिल, सकाळी ११:३०

बरोबर आहे, बिनपंख्याच्या मशीनची सगळी उष्णता पत्र्यातूनच बाहेर पडते, दगडाने मदत होते. पण पंख्याच्या लॅपटॉपवाल्यांनी हे पाहून जाळी दगडाला टेकवू नये, त्यांना खाली मोकळी जागा हवी.

---

सरकी | २१ एप्रिल, दुपारी १:१०

निंबोणीताई, साफसफाईचं काय ठरलं?

---

निंबोणी | २१ एप्रिल, दुपारी २:००

वॉरंटी संपली आहे. लेक म्हणते मी उघडते. मला धीर होत नाही. तुम्ही सगळे काय म्हणता?

---

सह्याद्रीपुत्र | २१ एप्रिल, दुपारी २:१५

नको. सबमिशन तोंडावर आहे. आतली एक रिबन (चपटी तार) तुटली तर सगळंच गेलं. समोर बसून करून देणारा दुरुस्तीवाला शोधा.

---

सरकी | २१ एप्रिल, दुपारी २:३०

मी म्हणतो उघडू द्या. मॉडेल बनवणारी मुलगी आहे, तिचा हात माझ्यापेक्षा हलका असेल.

---

तांब्याची नळी | २१ एप्रिल, दुपारी ३:२०

दोघांचंही बरोबर, म्हणून मधला मार्ग. आधी सगळ्या फाइल्सची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. उघडताना कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं प्लास्टिक फुटतं. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंख्याचं पातं टूथपिकने अडवून ब्रशने साफ करा आणि त्या फटीतली पट्टी चिमट्याने काढा. इतकंच घरी करा.

तांब्याची नळी उचलून पेस्ट बदलायची तर ते माहीतगाराकडून, तुमच्या समोर. काही मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, तो बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो. मेमरी चिप्सवरच्या मऊ पट्ट्याही फाटल्या तर त्याच जाडीच्या लावाव्या लागतात. निम्मं काम नुसती ती तंतूंची पट्टी काढल्याने होईल, हे मी खात्रीने सांगतो.

---

निंबोणी | २४ एप्रिल, रात्री ८:५०

सगळ्यांना सांगायला आले.

रविवारी सकाळी लेकीने उघडला. मी टॉर्च धरून उभी, हात माझाच थरथरत होता. तिने अगदी सांगितल्यासारखं केलं, कागदावरचं चित्र, अकरा स्क्रू, बॅटरीची तार आधी. आणि सरकीभाऊ, पट्टी निघाली! हुबेहूब तुम्ही लिहिली तशी, फक्त रंग करडा नाही, फिकट गुलाबी. आमची चादर गुलाबी आहे. तिने ती एका डबीत ठेवली आहे, म्हणते वर्गात दाखवणार.

मग शेजारच्या काकांनी धंतोलीतला एक दुरुस्तीवाला सुचवला. त्याने समोर बसवून पेस्ट बदलली, साडेसहाशे घेतले. जुनी पेस्ट खडूच्या भुकटीसारखी झाली होती.

आज दुपारी अडीचला परीक्षा घेतली. खोली ४०, कूलर मुद्दाम बंद, लॅपटॉप टेबलावर, मागे झाकणं, ९९ टक्क्यांचं सेटिंग. प्रोसेसर ८१ च्या वर गेला नाही. टर्बो चालू केल्यावर ८९. पूर्ण तास चालला, बंद पडला नाही.

---

राजेहो | २४ एप्रिल, रात्री ९:०२

जमलं ना ताई! पोरीले शाबासकी सांगा आमची.

---

वाळा | २४ एप्रिल, रात्री ९:२०

मीही उद्या यजमानांचा उघडायला लावते. स्क्रू लावायचा कागद आत्ताच काढून ठेवलाय.

---

दादरपश्चिम | २४ एप्रिल, रात्री ९:४५

हायबरनेट केला. आज पुण्यात बॅग उघडली, लॅपटॉप गार. पिंपळपान, मनापासून आभार.

---

निंबोणी | ७ मे, संध्याकाळी ६:३०

सबमिशन झालं. सगळी रेंडरं वेळेत निघाली, शेवटचं तर भर दुपारी तीनला. बाहेर ४४ होते.